बाजूने मत, वेगळं निवेदन: कायदा कोणतं धरतो?

मुंबईतल्या एका विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. मूट कोर्टच्या, म्हणजे सराव खटल्याच्या, मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) तिने लिहिलं होतं, "2007 साली मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने बाजूने मत दिलं, म्हणून त्यातला स्वयंनिर्णयाचा हक्क भारतावर बंधनकारक आहे." परीक्षकांनी एवढंच विचारलं, "मत दिल्यावर भारत काय बोलला, ते वाचलंत?" तिने ते वाचलं नव्हतं. आता तिला कळून घ्यायचं आहे की संयुक्त राष्ट्रांसारख्या ठिकाणी राष्ट्रं मतदानाच्या वेळी जी निवेदनं करतात, त्यांना कायद्यात काही वजन असतं का, आणि असलं तर मताला जास्त की निवेदनाला. आपल्या कोर्टांत त्यांचा उपयोग होतो का, हेही तिने विचारलं आहे.

दोघांनाही वजन आहे, पण दोघांची कामं वेगळी. मताने ठराव पास होतो किंवा पडतो. निवेदनाने त्या राष्ट्राची स्वतःची भूमिका ठरते. निवेदन कितीही जोरदार असलं तरी त्याने ठरावातला स्वल्पविरामसुद्धा हलत नाही. मात्र तोच ठराव पुढे कोणी त्या राष्ट्राविरुद्ध कोर्टात उभा केला, तर पहिली नजर निवेदनावर जाते. आपल्या मुंबईत हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्या कोणालाही हे पटकन कळेल. ठराव बहुमताने झाला की तो सगळ्या सोसायटीचा. पण पुढे प्रकरण रजिस्ट्रारकडे गेलं की प्रत्येक सभासदाला एकच विचारतात: मिनिट्समध्ये तुमचा विरोध नोंदवलेला आहे का? घरी बायकोला काय सांगितलं होतं, ते कोणी विचारत नाही.

म्हणून सुरुवात मिनिट्सपासून करू. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रत्येक बैठकीचा शब्दशः वृत्तांत छापला जातो आणि तो कोणालाही मोफत वाचता येतो. पानावर दोन रकाने असतात. वक्त्याचं नाव आणि कंसात त्याचा देश ठळक अक्षरात. मग अध्यक्ष म्हणतात, मतदानापूर्वी ज्यांना आपल्या मताचं स्पष्टीकरण द्यायचं आहे त्यांना मी बोलावतो. भाषणं होतात. नंतर मतदान, आणि बाजूने, विरोधात, तटस्थ अशा तीन याद्या. काही वेळा याद्यांखाली चौकटी कंसात एक ओळ असते: नंतर अमुक शिष्टमंडळाने सचिवालयाला कळवलं की त्यांना बाजूने मत द्यायचं होतं. त्याने आकडा बदलत नाही, नोंद तेवढी राहते. त्या एका ओळीला मी फार मान देतो. कोणी चुकीचं बटण दाबलं असेल किंवा खुर्चीवर नसेल, तरी त्या राष्ट्राला आपली भूमिका कागदावर यायला हवी होती. याद्यांनंतर मतदानोत्तर स्पष्टीकरणं. आमसभेच्या कामकाज नियमांतला 88 वा नियम याला परवानगी देतो: मतदानाच्या आधी किंवा नंतर स्पष्टीकरण देता येतं, गुप्त मतदान असेल तर नाही, आणि ज्याने प्रस्ताव मांडला त्याला स्वतःच्याच प्रस्तावावर स्पष्टीकरण देता येत नाही. वेळ दहा मिनिटं. या दहा मिनिटांत काय बोलायचं याचा एकेक शब्द राजधानीतल्या कायदा विभागाकडून तपासून आलेला असतो. हे वाचताना कायम लक्षात ठेवा. हे उत्स्फूर्त भाषण नसतं, त्यातली क्रियापदं मोजूनमापून घातलेली असतात.

आता मूळ मुद्दा. आमसभेचे ठराव सर्वसाधारणपणे शिफारशी असतात, अर्थसंकल्पासारखे अंतर्गत विषय सोडून. मग शिफारशीवर कोण काय बोललं याची कायद्याला फिकीर का? कारण आंतरराष्ट्रीय कायद्याचा मोठा भाग लिखित करारांत नसून रूढीत आहे, आणि रूढी सिद्ध करायला दोन गोष्टी लागतात: राष्ट्रांचा प्रत्यक्ष व्यवहार, आणि "हे आम्ही कायदा म्हणून पाळतो" ही त्यांची धारणा. या दुसऱ्या गोष्टीला आम्ही वकील ओपिनियो ज्युरिस म्हणतो. व्यवहार डोळ्यांना दिसतो. धारणा कुठे शोधायची? ती शोधायच्या मोजक्या जागांपैकी एक म्हणजे ही निवेदनं. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2018 मध्ये रूढी ओळखण्यासाठी जे निष्कर्ष स्वीकारले, त्यांत आंतरराष्ट्रीय संघटनांच्या ठरावांच्या संदर्भातलं राष्ट्रांचं वर्तन हा धारणेचा पुरावा म्हणून स्पष्ट नमूद आहे. ठराव एकटा नियम निर्माण करू शकत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा पुरावा तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वापरला आहे आणि त्या तिन्ही पाठ असायला हव्यात. 1986 च्या निकाराग्वा विरुद्ध अमेरिका निकालात न्यायालय म्हणालं, की 1970 च्या मैत्रीपूर्ण संबंधांच्या जाहीरनाम्याला राष्ट्रांनी दिलेली संमती म्हणजे नुसती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची उजळणी मानता येणार नाही. बळाचा वापर न करण्याचा नियम त्यांना मान्य असल्याचं ते लक्षण आहे. 1996 च्या अण्वस्त्रांवरच्या सल्लागार मतात चित्र उलटं होतं. 1961 पासून आमसभा अण्वस्त्रांचा वापर बेकायदा ठरवणारे ठराव करत आली होती, पण त्यांतल्या अनेकांना लक्षणीय विरोध आणि तटस्थ मतं होती. न्यायालयाने म्हटलं, हे ठराव खोल चिंता दाखवतात, पण बंदीचा नियम अस्तित्वात असल्याची धारणा सिद्ध करायला कमी पडतात.

तिसरं प्रकरण तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतं. 2019 मधलं चागोस बेटांवरचं सल्लागार मत. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी ब्रिटनने ही बेटं त्यापासून वेगळी काढली होती. प्रश्न असा, की 1965 ते 1968 या काळात स्वयंनिर्णयाचा हक्क रूढी म्हणून अस्तित्वात होता का. आधार होता 14 डिसेंबर 1960 चा वसाहतमुक्तीचा ठराव क्रमांक 1514: बाजूने 89, विरोधात शून्य, तटस्थ 9. तटस्थांत ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, अमेरिका होते, म्हणजे वसाहती ज्यांच्या हातात होत्या तेच बरेचसे. नुसती यादी पाहिली तर कोणीही म्हणेल, ज्यांच्यावर हा नियम चालायचा तेच बाहेर राहिले, मग रूढी कसली? न्यायालयाने यादीच्या पलीकडे जाऊन निवेदनं वाचली. आणि नोंदवलं, की मतदानात भाग घेतलेल्या एकाही राष्ट्राने हक्काचं अस्तित्व नाकारलं नव्हतं; काहींनी तटस्थतेचं कारण दिलं ते अंमलबजावणीला लागणाऱ्या वेळेचं. "हक्क आहे, पण घाई नको" म्हणणाऱ्याने हक्क मान्य केलेला असतो. अशा रीतीने 1960 साली केलेल्या निवेदनांनी 59 वर्षांनी आपापल्या राष्ट्रांच्या विरुद्ध साक्ष दिली. मी ते परिच्छेद दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो.

इथे स्वतःची एक चूक सांगतो. मी ज्युनियर असताना फोर्टमधल्या एका लवादात परदेशी कंपनीची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतल्याचा वाद होता. राष्ट्रांच्या आर्थिक हक्क-कर्तव्यांच्या सनदेवर, म्हणजे 1974 च्या ठराव 3281 वर, मी सगळी इमारत उभी केली. बाजूने 120, विरोधात 6, तटस्थ 10. एवढं बहुमत असताना आणखी काय हवं, असं वाटत होतं. समोरच्या सिनियरांनी आवाज न चढवता 1977 चा टेक्सॅको विरुद्ध लिबिया हा लवाद निवाडा पुढे ठेवला. त्यात एकमेव लवाद रने-जाँ द्युपुई यांनी नेमकं हेच तपासलं होतं: कोणी बाजूने मत दिलं यापेक्षा कोणत्या गटाने दिलं. नैसर्गिक संपत्तीवरच्या सार्वभौमत्वाच्या 1962 च्या ठराव 1803 ला, 87 विरुद्ध 2 आणि 12 तटस्थ, भांडवल पुरवणारे आणि ते घेणारे अशा दोन्ही बाजूंच्या देशांची साथ होती, म्हणून तो रूढीचं प्रतिबिंब ठरला. 3281 ला अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी यांच्यासह सहा देशांनी कारणं देऊन विरोध केला होता, म्हणून नाही ठरला. माझे 120 त्या दुपारी काही कामाला आले नाहीत. त्यानंतर मी आकडा शेवटी वाचतो, निवेदनं आधी.

तुमच्या जाहीरनाम्याकडे येऊ. 13 सप्टेंबर 2007, बाजूने 143, विरोधात 4, तटस्थ 11. भारत बाजूने. पण भारताच्या निवेदनाचा आशय असा होता: जाहीरनाम्यात मूलनिवासी कोण याची व्याख्या नाही, भारताच्या दृष्टीने स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांना लागू होतो, सार्वभौम स्वतंत्र राष्ट्रांना किंवा एखाद्या राष्ट्रातल्या लोकांच्या भागाला लागू होत नाही. हे वाक्य त्या दिवशी सुचलेलं नव्हतं. 1979 मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आणि आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांच्या करारांत सामील होताना भारताने पहिल्या कलमाबाबत जवळपास याच शब्दांत घोषणा नोंदवली होती. त्या घोषणेवर जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांनी हरकतीही घेतल्या. म्हणजे 28 वर्षांच्या अंतराने तीच भूमिका, तेच शब्द. हे सातत्य परीक्षकांच्या मनात होतं. तुमच्या विरुद्ध बाजूचा वकील ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवेल आणि तुमचं वाक्य तिथेच कोसळेल.

याच जाहीरनाम्यात उलट दिशेचं उदाहरणही आहे. विरोधातले ते चार देश म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. 2009 आणि 2010 मध्ये चौघांनीही पाठिंबा जाहीर केला, सभागृहात पुन्हा मतदान न करता, निवेदनांनी. अमेरिकेने पाठिंबा देतानाच जाहीरनामा कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नसल्याचं म्हणून ठेवलं. म्हणून 2007 ची यादी दाखवून आज कोणी म्हणालं की अमेरिका विरोधात आहे, तर ते अर्धवट ठरेल.

निवेदनाची मर्यादा पाहायची असेल तर व्हिएन्नाला जावं लागेल. 24 सप्टेंबर 2005 रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळात इराणच्या अणुकार्यक्रमावरचा ठराव 22 विरुद्ध 1, 12 तटस्थ असा संमत झाला. भारताने बाजूने मत दिलं. स्पष्टीकरणात मात्र इराणला अणुविषयक बंधनांचं पालन न करणारा ठरवण्याला आपला विरोध आहे आणि ही परिस्थिती आंतरराष्ट्रीय शांततेला धोका आहे असं आपण मानत नाही, असं सांगितलं. हा विरोध ठरावाच्या नेमक्या गाभ्याला होता. तरी ठराव जसाच्या तसा उभा राहिला आणि फेब्रुवारी 2006 मध्ये प्रकरण सुरक्षा परिषदेकडे गेलं. भारताच्या निवेदनाने भारताचं मत काय हे नोंदवलं. इराणला त्याने काहीच वाचवलं नाही. राजनैतिक गरजेपोटी असं करावं लागतं, हे मी समजू शकतो. पण आपल्याला ज्या वाक्यावर आक्षेप आहे तेच ठरावाचं काळीज असेल, तर बाजूने मत देऊन निवेदनाच्या भरवशावर राहणं कायद्याच्या बाजूने कमकुवत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या ठिकाणी परिच्छेदावर स्वतंत्र मतदान मागता येतं. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराचं सार्वत्रिकीकरण मागणाऱ्या परिच्छेदांबाबत भारत ते वर्षानुवर्षं करतो आणि सोबत सांगतो, की संमतीशिवाय राष्ट्रावर करार लादता येत नाही.

सुरक्षा परिषदेची गोष्ट थोडी निराळी. तिचे निर्णय सनदेच्या 25 व्या कलमाने बंधनकारक असतात, आणि तिथल्या निवेदनांचा उपयोग मुख्यतः ठरावाचा अर्थ लावायला होतो. कोसोवोच्या स्वातंत्र्यघोषणेवरच्या 2010 च्या मतात हेगच्या न्यायालयाने म्हटलं आहे, की अर्थ लावताना ठराव होताना सदस्यांनी केलेली निवेदनं पाहावी लागू शकतात. सर्वांत गाजलेलं उदाहरण इराकवरच्या ठराव 1441 चं. 8 नोव्हेंबर 2002, 15 विरुद्ध 0. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी त्याच बैठकीत सांगितलं, या ठरावात बळाच्या वापराबाबत छुपा ट्रिगर नाही, आपोआप काही घडणार नाही. चीन, फ्रान्स आणि रशियाने आपला समज संयुक्त निवेदनात नोंदवला. चार महिन्यांनी युद्धाच्या तोंडावर ब्रिटनच्या अॅटर्नी जनरलांनी आपल्या सरकारला दिलेल्या लेखी सल्ल्यात हीच स्पष्टीकरणं उलटसुलट तपासली. तीच वाक्यं दोन्ही बाजू आपापल्या बाजूने वाचत होत्या.

मात्र एखाद्या सदस्याने "हा ठराव बंधनकारक नाही" असं म्हटलं म्हणून तो तसा होत नाही. 25 मार्च 2024 ला गाझातल्या युद्धविरामाचा ठराव 2728 संमत झाला, 14 बाजूने आणि अमेरिका एकटी तटस्थ. तिच्या प्रतिनिधींनी त्याला बंधनकारक नसलेला ठराव म्हटलं आणि बाकीच्यांनी लगेच हरकत घेतली. बंधन आहे की नाही हे ठरवायची कसोटी नामिबियावरच्या 1971 च्या मतात आहे: ठरावाची भाषा, त्याआधीची चर्चा, सनदेतली आधारभूत कलमं आणि एकूण परिस्थिती. या सगळ्यात एका तटस्थ सदस्याचं म्हणणं हा एक धागा, एवढंच.

तटस्थता म्हणजे मौन असं मात्र समजू नका. 2 मार्च 2022 ला युक्रेनवरच्या आमसभेच्या ठरावावर 141 बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ, त्यांत भारत. पण त्या काळातल्या भारताच्या निवेदनांत संयुक्त राष्ट्रांची सनद, आंतरराष्ट्रीय कायदा आणि राष्ट्रांचं सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता यांचा आदर, हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते मुद्दाम आहेत. उद्या कोणी म्हणालं, भारत तटस्थ राहिला म्हणजे सीमा बळाने बदलणं त्याला चालतं, तर उत्तर नोंदीत तयार आहे. आपल्या स्वतःच्या सीमांचा विचार करता ते उत्तर तिथे असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

सतत विरोध नोंदवण्याचा आणखी एक हेतू असतो. एखादा नियम घडत असताना जे राष्ट्र स्पष्टपणे, जाहीरपणे आणि न थांबता हरकत घेत राहतं, त्याच्यावर तो नियम लागू होत नाही, असं तत्त्व आहे. सर्वोच्च दर्जाचे अनुल्लंघनीय नियम सोडून. फाशीच्या स्थगितीवरच्या ठरावांना भारत 2007 पासून विरोध करत आला आहे, प्रत्येक देशाला आपली न्यायव्यवस्था ठरवायचा सार्वभौम हक्क आहे आणि आपल्याकडे फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच दिली जाते, हे सांगून. अण्वस्त्रबंदी करार 2021 च्या जानेवारीत अमलात आला तेव्हा भारताने तर थेट म्हटलं, की हा करार रूढीजन्य आंतरराष्ट्रीय कायदा निर्माण करत नाही आणि त्याच्या विकासात भरही घालत नाही. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर हेगचं एखादं भविष्यातलं खंडपीठ होतं.

निवेदनाने राष्ट्र स्वतः बांधलं जातं का? क्वचित. 1974 च्या अणुचाचणी खटल्यांत चाचण्या थांबवण्याच्या फ्रान्सच्या जाहीर घोषणा बंधनकारक धरल्या गेल्या, पण बांधून घ्यायचा हेतू स्पष्ट दिसला म्हणून. मतदानाच्या स्पष्टीकरणात असा हेतू सहसा नसतो.

आपल्या कोर्टांत याचा उपयोग होतो का, हेही विचारलं आहे. होतो, मर्यादेत. 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिलांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराबरोबरच बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत भारत सरकारने दिलेल्या अधिकृत आश्वासनांचाही उल्लेख केला आणि देशात कायदा नसताना कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. परदेशात केलेलं निवेदन इथल्या कामाच्या जागेवरच्या बाईच्या उपयोगी पडलं. पण तिथे सरकारचं निवेदन आणि मागितलेला हक्क एकाच दिशेने जात होते. तुमच्या प्रकरणात ते विरुद्ध दिशेने जातात, म्हणून विशाखाचा आधार घेताना जपून.

आणि शेवटचा आधार, जो तुमच्या मेमोरियलमध्ये नसेल तर परीक्षक नक्की विचारतील. मार्शल आयलंड्स या प्रशांत महासागरातल्या देशाने अण्वस्त्र निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींवरून भारताला हेगला खेचलं होतं. 5 ऑक्टोबर 2016 ला न्यायालयाने 9 विरुद्ध 7 मतांनी ठरवलं की दोन देशांत कायदेशीर वाद अस्तित्वातच नव्हता, आणि खटला तिथेच संपला. तिथे न्यायालयाने सांगितलं, की राजकीय व्यासपीठावरच्या मतांवरून निष्कर्ष काढताना मोठी सावधगिरी हवी. मतं पुरावा ठरू शकतात, विशेषतः सोबत स्पष्टीकरण दिलं असेल तेव्हा. पण एका ठरावात अनेक विधानं असतात आणि ठरावाला दिलेलं मत म्हणजे त्यातल्या प्रत्येक विधानाला दिलेलं मत नव्हे. या खटल्यात भारत स्वतः प्रतिवादी होता, त्यामुळे भारताबद्दलच्या मेमोरियलमध्ये तो टाळता येणार नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "भारताने 2007 च्या जाहीरनाम्याला बाजूने मत दिलं, त्यातल्या स्वयंनिर्णयाच्या तरतुदीबाबत मात्र त्याच वेळी, 1979 च्या आपल्या घोषणेशी सुसंगत अशी मर्यादित भूमिका नोंदवली. जमीन, संस्कृती आणि सल्लामसलतीच्या तरतुदींवर ही मर्यादा घातलेली नाही, म्हणून त्या तरतुदींपुरता भारताच्या मताचा आधार अर्जदार घेत आहे." दावा लहान झाला आहे. पण भारताचं निवेदन पुन्हा एकदा ओळीओळीने वाचा आणि शेवटचं वाक्य त्याच्याशी ताडून पाहा, मगच ते मेमोरियलमध्ये घाला.